चुकीच्या थरातलं निकेल

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. एका संध्याकाळी माझ्यासमोर एक ग्राफ आला आणि मला वाटलं, झालं, आपला पहिला पेपर तयार. लिथियम निकेल ऑक्साइडची पावडर मी स्वतः बनवली होती आणि मॅग्नेटोमीटरमध्ये स्वतःच लावली होती. तापमान खाली नेत गेले तसा मॅग्नेटायझेशनचा वक्र आधी हळूहळू चढत होता आणि मग एका ठिकाणी झपकन उसळला. अगदी खाली गेल्यावर फील्ड उलटसुलट फिरवून पाहिलं तर हिस्टेरिसिसचा लूपसुद्धा उघडला. मी वाचलेल्या संदर्भांत या पदार्थात असं काही दिसायला नको होतं. उड्या मारायचंच काय ते बाकी होतं.

लॅबमधल्या सीनियर ताईने ग्राफ बघितला, चहाचा कप खाली ठेवला आणि एकच विचारलं, "अगं, पण झेड किती आहे?"

मला झेड माहीत नव्हता. खरं सांगायचं तर तो मोजायला हवा होता, हेच डोक्यात आलं नव्हतं. आजची पोस्ट या एका अक्षराबद्दल आहे. एम.एस्सी.ला आपण स्फटिकरचना एका पेपरात शिकतो आणि चुंबकत्व दुसऱ्या पेपरात. नेट-सेटच्या तयारीतही ही दोन प्रकरणं वेगवेगळ्या वह्यांत राहतात. थरांच्या ऑक्साइडवर काम करायला लागलं की कळतं, दोन्ही एकच प्रकरण आहे आणि पहिला भाग नीट न वाचता दुसरा वाचला तर माझ्यासारखी फजिती होते.

मिठापासून सुरुवात करू

मिठाची रचना सगळ्यांना पाठ असते. घन, त्यात सोडियम आणि क्लोरिन एकाआड एक. आता हाच घन समोरून न बघता कोपऱ्यावर उभा करून बघा, म्हणजे त्याचा मोठा कर्ण सरळ वर येईल. या दिशेने पाहिलं तर थर दिसतात: एक थर धन आयनांचा, एक थर ऋण आयनांचा, पुन्हा धन, पुन्हा ऋण. निकेल ऑक्साइडची रचना मूलतः हीच आहे. निकेलचा थर, ऑक्सिजनचा थर, निकेलचा थर, ऑक्सिजनचा थर.

आता धन आयनांच्या थरांपैकी एकाआड एक थर लिथियमचा करा. निकेल, ऑक्सिजन, लिथियम, ऑक्सिजन, पुन्हा निकेल. झालं लिथियम निकेल ऑक्साइड. घनाची सममिती मोडते, वर जाणारी दिशा बाकीच्यांपेक्षा वेगळी होते आणि रचना षट्कोनी मापांत मांडता येते. आडवी बाजू साधारण २.८८ अँगस्ट्रॉम, उभी बाजू साधारण १४.१९ अँगस्ट्रॉम. निकेलच्या प्रत्येक थरात अणू त्रिकोणांच्या जाळीत बसलेले असतात, प्रत्येक निकेलभोवती सहा ऑक्सिजनचा अष्टफलक असतो आणि शेजारचे अष्टफलक एकमेकांच्या कडा वाटून घेतात. हा 'कडा वाटून घेण्याचा' मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच आहे.

ही रचना नवीन नाही. लिथियम आणि सोडियम दोघांचीही निकेल ऑक्साइडं १९५४ सालच्या एका शोधनिबंधात आली होती. याच कुटुंबातला मोठा भाऊ म्हणजे लिथियम कोबाल्ट ऑक्साइड. १९८० साली ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांच्या गटाने तो बॅटरीचा कॅथोड म्हणून वापरता येतो हे दाखवलं. त्या कामासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, हे तुम्हाला माहीत असेलच. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी की गुडइनफ मुळात चुंबकत्वाचे माणूस. आज आपल्याला जे नियम लागणार आहेत ते त्यांच्याच नावाचे आहेत.

नव्वद आणि एकशे ऐंशी

या पदार्थात निकेलवर अधिक तीन प्रभार असतो. म्हणजे डी कक्षेत सात इलेक्ट्रॉन. लो-स्पिन मांडणीत सहा इलेक्ट्रॉन खालच्या तीन ऑर्बिटलमध्ये जोड्या करून बसतात आणि एक वरच्या दोनांपैकी कुठेतरी. एक एकटा इलेक्ट्रॉन, स्पिन अर्धा. कोबाल्टच्या भावात सहाच इलेक्ट्रॉन असतात, सगळे जोडीने, म्हणून तो चुंबकीयदृष्ट्या जवळजवळ मुका आहे. एका इलेक्ट्रॉनने निकेलवाला बोलका होतो.

त्रिकोणांची जाळी आणि स्पिन अर्धा, एवढं ऐकलं की सैद्धांतिक भौतिकीवाल्यांचे कान टवकारतात. कारण असं: तीन स्पिन त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर ठेवा आणि सांगा की प्रत्येकाने शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं. दोघांचं जमतं. तिसऱ्याने काय करायचं? याला फ्रस्ट्रेशन म्हणतात. फिलिप अँडरसन यांनी १९७३ साली मांडलं की अशा जाळीत स्पिन ठरावीक क्रमात गोठण्याऐवजी जोड्या करून आणि त्या जोड्या सतत बदलत द्रवासारखे राहू शकतील. मग असा खरा पदार्थ कोणता, याचा शोध सुरू झाला आणि १९८५ साली जपानी संशोधकांनी ज्या पदार्थांवर प्रयोग केले त्यांत लिथियम निकेल ऑक्साइड होता.

उमेदवार दिसायला छान होता. फक्त गुडइनफ-कानामोरी नियमांना विचारलं तर ते जरा वेगळं सांगतात.

दोन निकेल एकमेकांशी थेट फारसे बोलत नाहीत, मधल्या ऑक्सिजनमार्फत बोलतात. त्यामुळे निकेल-ऑक्सिजन-निकेल हा कोन किती आहे यावर संवाद ठरतो. कोन १८० अंश असेल तर दोन्ही निकेल ऑक्सिजनच्या एकाच पी ऑर्बिटलला दोन बाजूंनी धरतात आणि स्पिन एकमेकांच्या उलट राहणं पसंत करतात. हा संवाद जोरदार असतो. साध्या निकेल ऑक्साइडमध्ये तोच आहे, म्हणून ते तब्बल ५२३ केल्विनपर्यंत, म्हणजे २५० अंश सेल्सियसपर्यंत, अँटिफेरोमॅग्नेटिक राहतं. कोन ९० अंश असेल तर दोन निकेल वेगवेगळी पी ऑर्बिटलं वापरतात आणि स्पिन एकाच दिशेला राहण्याकडे हलका कल असतो.

आपल्या थरात अष्टफलक कडा वाटून घेतात, म्हणून कोन ९० च्या आसपास. म्हणजे थराच्या आत हलका फेरोमॅग्नेटिक कल. मग फ्रस्ट्रेशनचा पायाच डळमळतो! चांगल्या नमुन्यांत क्युरी-वाइस तापमान खरंच धन येतं, साधारण २० ते ३० केल्विन. धन चिन्ह म्हणजे फेरो कल, ऋण म्हणजे अँटिफेरो.

आता एक गोष्ट स्वतः कागदावर काढून बघा, मी काढली तेव्हाच मला पटली. मिठाच्या रचनेत १८० अंशाचा रस्ता घनाच्या कडेच्या दिशेने जातो. कोपऱ्यावर उभ्या केलेल्या घनात ही कड तिरकी वर जाते आणि नेमकी पुढच्याच धन थरात पोहोचते. म्हणजे निकेलच्या थरातून निघालेला १८० अंशाचा प्रत्येक रस्ता लिथियमच्या थरात जाऊन थांबतो. लिथियमवर तर चुंबकीय इलेक्ट्रॉनच नाही. थोडक्यात, आदर्श स्फटिकात १८० अंशाचा निकेल-ऑक्सिजन-निकेल रस्ता एकही नाही. जोरदार संवाद पूर्ण बंद, फक्त हलका चालू.

आणि मग एखादं निकेल लिथियमच्या जागी जाऊन बसतं.

त्याच्यापासून सहा रस्ते निघतात, तीन वर, तीन खाली, आणि सहाही टोकांना निकेल असतात. आतापर्यंत मुक्या असलेल्या सहा फोन लाइन एकदम जोडल्या जातात. वरचे तीन आणि खालचे तीन, सगळे या उपऱ्या निकेलच्या उलट तोंड करतात. म्हणजे आपोआप ते एकमेकांच्या एकाच दिशेला होतात, त्यांचे थरातले शेजारी हलक्या फेरो कलामुळे त्यांच्यामागे जातात आणि उपऱ्याभोवती एक छोटा चुंबकीय पुंजका तयार होतो. बहुमत एका दिशेला, मधला एकटा विरुद्ध. यालाच फेरिमॅग्नेटिक पुंजका म्हणायचं. चिरोट्याच्या पोळ्यांमध्ये साटा नीट लागला नसेल तर त्या जागी थर सुटत नाहीत, चिकटून बसतात. तसंच हे.

हिशोब करा. शंभर लिथियमच्या जागांपैकी दोन जागांवर निकेल बसलं, तर थरातल्या शंभर निकेलपैकी साधारण बारा थेट जोडली गेली. दोन टक्के दोष, बारा टक्के परिणाम, आणि हा फक्त पहिल्या शेजाऱ्यांचा हिशोब. उपरं निकेल अधिक दोन प्रभाराचं असतं आणि प्रभाराचा ताळेबंद जुळवायला थरातल्याही एका निकेलला अधिक तीनवरून अधिक दोनवर यावं लागतं. त्या दोघांचाही स्पिन अर्ध्याऐवजी एक. म्हणजे प्रत्येक चुकीच्या अणूमागे दोन जास्त ताकदीचे चुंबक आत येतात.

झेड म्हणजे हेच: लिथियमच्या थरात किती टक्के निकेल आहे. माझा झपकन उसळलेला वक्र आणि उघडलेला लूप हे या पुंजक्यांचं काम होतं. झेड वाढेल तसे पुंजके मोठे होतात, एकमेकांना भिडतात आणि संक्रमणाचं तापमान वर सरकतं. गुडइनफ आणि सहकाऱ्यांनी निकेल ऑक्साइडमध्ये लिथियम वाढवत नेलं की चुंबकत्व कसं बदलतं, हे १९५८ सालीच तपासलं होतं. माझा 'शोध' माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा होता.

पण निकेल तिथे जातंच का?

आकार बघा. अष्टफलकातली आयनिक त्रिज्या लिथियमची ०.७६ अँगस्ट्रॉम, अधिक दोन निकेलची ०.६९. जवळजवळ सारखे. अधिक तीन निकेल मात्र ०.५६ चं. म्हणजे निकेल अधिक तीनवर राहिलं तर दोघांत गोंधळ होत नाही, अधिक दोनवर आलं की ते लिथियमच्या खोलीत सहज मावतं. आणि निकेलला अधिक तीनवर ठेवणं हेच अवघड. भट्टीचं तापमान वाढवलं की पदार्थ ऑक्सिजन सोडायला लागतो, निकेल अधिक दोनवर घसरतं. त्याच वेळी लिथियम बाष्प होऊन उडून जात असतं, म्हणजे खोल्याही रिकाम्या होत असतात. तापमान कमी ठेवलं तर अभिक्रिया पूर्ण होत नाही. म्हणून लोक साधारण ७०० अंश सेल्सियसला, ऑक्सिजनच्या प्रवाहात, थोडं जास्तीचं लिथियम घालून बनवतात.

मी काय केलं होतं? ऑक्सिजनचं सिलिंडर संपलं होतं, नवीन यायला वेळ होता, म्हणून साध्या हवेत भाजलं. वर "नीट स्फटिक व्हावेत" म्हणून तापमानही वाढवलं. लॅब नोटबुकमध्ये 'हवेत' हा शब्द मी कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिला होता. तो मोठ्या अक्षरात लिहायला हवा होता.

सोडियमच्या भावाला ही अडचण नाही. सोडियमची त्रिज्या १.०२ अँगस्ट्रॉम, निकेलपेक्षा बरीच मोठी, त्यामुळे अदलाबदल होत नाही. सोडियम निकेल ऑक्साइड वागतोही शहाण्यासारखा. निकेलच्या त्या एकट्या इलेक्ट्रॉनमुळे अष्टफलक एका दिशेने लांब होतो, याला यान-टेलर परिणाम म्हणतात. सोडियमच्या बाबतीत साधारण ४८० केल्विनच्या खाली सगळे अष्टफलक एकाच दिशेला लांबतात आणि अख्खा स्फटिक षट्कोनी मांडणीतून मोनोक्लिनिक होतो. पुढे २० केल्विनला चुंबकीय क्रम येतो: प्रत्येक थर आतून फेरोमॅग्नेटिक, शेजारचे थर एकमेकांच्या उलट. नियमांनी सांगितलं तसंच. लिथियमवाल्यात असा क्रम येत नाही. अगदी शुद्ध नमुन्यांतही १० केल्विनच्या खाली स्पिन काचेसारखे अस्ताव्यस्त गोठताना दिसतात. एक्स-रे डिफ्रॅक्शनच्या सरासरी चित्रात सहाही निकेल-ऑक्सिजन अंतरं सारखी दिसतात, पण एक्झाफ्ससारख्या स्थानिक तंत्राने पाहिलं तर चार आखूड, साधारण १.९१ अँगस्ट्रॉम, आणि दोन लांब, साधारण २.०९. म्हणजे अष्टफलक विकृत तर आहेत, पण दिशेवर एकमत नाही. का नाही, यावर अजून वाद आहेत. कोणी म्हणतं विकृती सतत दिशा बदलते, कोणी म्हणतं निकेल अधिक दोन आणि अधिक चार असं विभागलं जातं. माझं स्वतःचं मत विचाराल तर ज्या पेपरात झेड दिलेला नाही त्याच्या बाजूने मी अजिबात बोलणार नाही.

झेड मोजायचा कसा?

सुरुवात एक्स-रे डिफ्रॅक्शनने. कॉपरच्या एक्स-रेने टू-थीटा १८.७ अंशाजवळ (००३) रेषा येते, ती थरांच्या क्रमाची खूण. ४४.४ अंशाजवळ (१०४) येते. निकेल-लिथियम मिसळले की पहिली दुसरीच्या तुलनेत बारीक होते. शिवाय ६४ ते ६५ अंशांदरम्यान (१०८) आणि (११०) या दोन रेषा सुट्या दिसायला हव्यात. उभ्या-आडव्या बाजूंचं गुणोत्तर शुद्ध मिठासारख्या घनासाठी ४.९० येतं, चांगल्या लिथियम निकेल ऑक्साइडसाठी ४.९३ आणि कोबाल्टवाल्यासाठी ४.९९. बघा, निकेलवाला घनाच्या किती जवळ आहे. दोन रेषा एकमेकींत विरघळल्या तर समजायचं थर बिघडलेत.

सावधान, (००३) वर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कण चपटे असतात, होल्डरमध्ये पावडर दाबून भरली की ते आडवे लोळतात आणि (००३) उगाच मोठी होते. नमुना खराब असूनही छान दिसतो.

मग रीटव्हेल्ड रिफाइनमेंट. एक्स-रेला लिथियम दिसत नाही असं सगळे सांगतात, ते खरंच आहे, त्या आयनावर इलेक्ट्रॉनच दोन. पण अधिक दोन निकेलवर २६ आहेत. लिथियमच्या जागी ८ टक्के निकेल गेलं तर त्या जागेवरचे सरासरी इलेक्ट्रॉन २ वरून ३.९ होतात, जवळजवळ दुप्पट! लिथियम न दिसताही त्याच्या खोलीतला पाहुणा दिसतो. न्यूट्रॉनने हे आणखी स्पष्ट होतं, कारण न्यूट्रॉनसाठी लिथियम ऋण आहे, उणे १.९ फेम्टोमीटर, आणि निकेल धन, १०.३. झेड १५-१६ टक्के झाला तर दोघं एकमेकांना खोडतात आणि ती जागा न्यूट्रॉनला रिकामी दिसते. गंमत आहे ना? महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉन डिफ्रॅक्शनची सोय आहे, प्रस्ताव लिहायला शिका. नैसर्गिक लिथियममध्ये सुमारे ७.५ टक्के लिथियम-६ असतं आणि ते न्यूट्रॉन गिळतं, हे प्रस्तावात विसरू नका.

यानंतरच मॅग्नेटोमीटर. तिथेही एक बारीक खड्डा आहे. जास्तीचं घातलेलं लिथियम हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कणांवर कार्बोनेट बनवतं. ते चुंबकीय नाही, पण तुमच्या वजनात मोजलं जातं, म्हणून मोमेंट थोडा कमी येतो आणि आपण त्यातून भलतंच भौतिकशास्त्र शोधत बसतो. क्युरी-वाइसची सरळ रेषाही जिथे आलेख खरंच सरळ आहे तिथेच बसवा. झेड जास्त असेल तर व्यस्त ससेप्टिबिलिटीचा आलेख वाकतो, आणि वाकड्या भागावर पट्टी ठेवली तर क्युरी-वाइस तापमान तुम्हाला हवं ते मिळतं.

हे सगळं फक्त आमच्यासारख्या कमी तापमानवाल्यांचं दुखणं आहे असं समजू नका. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीत ८० टक्के निकेलवाले कॅथोड आले आहेत, त्यांची मूळ रचना हीच. लिथियमच्या थरातलं निकेल तिथे लिथियमची वाट अडवतं. पहिल्या चार्जिंगला ते अधिक दोनवरून अधिक तीनवर जातं, आकसतं, त्याच्याभोवतीची जागा आवळते आणि बाहेर गेलेलं लिथियम त्या खोल्यांत पुन्हा नीट शिरू शकत नाही. पहिल्याच फेरीत क्षमता कमी होते. म्हणजे बॅटरीवाल्याला जो अणू खुपतो तोच चुंबकत्ववाल्याला खुपतो, आणि आपला मॅग्नेटोमीटर त्याच्या कामाला येऊ शकतो.

माझ्या त्या नमुन्याचा झेड शेवटी ८ टक्क्यांच्या आसपास निघाला. ग्राफ दाखवला तेव्हा सर रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "आता चांगला करून दाखव." सिलिंडर आलं. पहिल्या प्रयत्नात पाच टक्के, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात दीडच्या आसपास. दर वेळी ती उसळी खाली सरकली आणि बुटकी झाली. दीड टक्क्याच्या नमुन्यात लूप इतका अरुंद आहे की तो दाखवायला आलेख मोठा करावा लागतो. आता चारही नमुने एकाच आकृतीत आहेत आणि हवेत भाजलेला तो आठ टक्क्यांचा नमुना सगळ्यात उजवीकडचा बिंदू आहे. तो नसता तर रेषा तीनच बिंदूंवर काढावी लागली असती. पुढच्या महिन्यात सोडियमवाला बनवायला घेतेय. तो हवेत ओल धरतो म्हणे, म्हणजे आता ग्लोव्ह बॉक्सची रांग.